अक्षर रिंकूचं

(ब्रह्मपुरीजवळचं तलावकाठचं गाव. शनिवारची दुपार. केवळराम ओट्यावर फाटलेलं जाळं सांधत बसला आहे. आत त्याच्या दोन मुली: मोठी रीता, जिला घरात ‘बाई’ म्हणतात, आणि धाकटी रिंकू.)

रीता : कोनाड्यात दोनच कॅसेटी लागल्या हाताला. त्या तर मागच्या वेळच्या आहेत, मी ऐकून परत आणून ठेवलेल्या.

रिंकू : हो. दोनच हायेत.

रीता : अन् राज्यशास्त्राच्या?

रिंकू : वाचलं नाई.

रीता : काऊन? सेल संपले का टेपचे?

रिंकू : सेल हायेत. वाचलं नाई म्हनलं ना.

रीता : रिंकू, परीक्षा तोंडावर आली. हॉस्टेलवरून एवढ्यासाठीच आली मी. उद्या परत जायचं आहे. तिथं मी काय ऐकू?

रिंकू : सरायचं लेक्चर भरून घेते ना तू लहान टेपात? तेच आयक.

रीता : त्यात काय असते? अर्धा वेळ हजेरी, अर्धा वेळ बाकांचा आवाज. सर फळ्यावर लिहितात अन् म्हणतात, ‘हे असं’. मला काय दिसते ‘हे असं’? पुस्तक ऐकल्याशिवाय मी ब्रेलमध्ये नोट्स कशाच्या टोचू? हा मोठा टेप घरी ठेवला तो कशाला मग? तूच वाचते म्हणून ना?

रिंकू : आतापर्यंत मीच वाचलं.

रीता : आतापर्यंत म्हणजे?

केवळराम : रीता, हातपाय धू ना वो आंधी. धुपीतून आली. माय बाजारात गेली मच्छी घेऊन, येईनच आता.

रीता : बाबा, ही असं काय बोलून राह्यली?

रिंकू : सांगा ना बाबा. मंगळवारचं सांगा तिले.

केवळराम : चामोर्शीचे पाव्हने आले होते.

रीता : कोणाला पाहायला?

रिंकू : तुले नाई. तुले पाहाले कोन येनार हाये?

केवळराम : रिंके, तोंड सांभाळ!

रीता : राहू द्या बाबा. मग? पाहून गेले?

केवळराम : पसंत केलं त्याईनं. आपून बी होकार देल्ला. होळीच्या आंधी उरकून टाकू म्हन्तात.

रीता : मला न सांगता?

केवळराम : तू तिकडं होती. हॉस्टेलच्या फोनवर का सांगन, म्हनलं घरीच येते तं...

रीता : मुलगा काय करते?

केवळराम : सोताचा डोंगा हाये वैनगंगेत. बाजारात मच्छीचा ठिय्या हाये. श्रावण नाव हाये. दारूबिरू काई नाई. मानूस चांगला हाये.

रीता : माणूस म्हणून राह्यले तुम्ही. मुलगा नाही म्हणत.

केवळराम : आता... पयली बायको गेली त्याची. कावीळ झाली होती. एक लहान टुरी, लेक हाये त्याले.

रीता : बाबा! रिंकूला बिजवर पाहिला तुम्ही? अजून वीस नाही झाली ती!

रिंकू : त्याईनं नाई पाह्यला. मी हो म्हनली.

रीता : अन् होळीच्या आधी? माझे पेपर होळीनंतर आहेत. मग माझी लेखनिक कोण?

रिंकू : आयकलं बाबा? मी सांगतलं होतं ना, बाई हेच म्हनन.

रीता : तसं नाही रिंकू...

रिंकू : तसंच हाये. टुरी केवढी हाये, सासू कशी हाये, काई नाई इचारलं तू. लेखनिक कोन!

रीता : बरं, चुकलं. पण मे महिन्यात करा ना. दोन महिन्यांनी काय बिघडते? बाबा, बोलून पाहा त्यांच्याशी.

केवळराम : बोललो ना वो. ते म्हन्तात, लेकराले पाहाले घरी कोनी नाई. थांबनं जमत नाई. तुमचं नसन जमत तं आम्ही दुसरीकडं पाहातो म्हन्तात.

रिंकू : अन् मीच म्हनली, थांबू नका.

रीता : काऊन पण? एवढी घाई कशाची तुला?

रिंकू : चहा घेऊन गेली तं त्याईनं इचारलं, किती शिकली. बाबा म्हनला नववी. मी म्हनली, मले दहावीची परीक्षा बाहेरून द्याची हाये, देऊ द्यान का?

केवळराम : सगळ्या पाव्हन्याईसमोर! मले तं घाम फुटला.

रिंकू : तो म्हनला, दे. एवढंच म्हनला. दे.

रीता : अन् तू विश्वास ठेवला? पाहायला आलेला माणूस काहीही बोलते. तिथं गेल्यावर लेकरू, मच्छी, सासू... कोण तुला पुस्तक हातात घेऊ देईल?

रिंकू : मालूम हाये मले. नाई देनार कदाचित.

रीता : मग?

रिंकू : पन ‘दे’ म्हननारा तोच एक भेटला. या घरात कोनी म्हनलं का?

केवळराम : आता ते जुनं काढू नको रिंकू.

रिंकू : काऊन नाई काढू? बाई नागपूरच्या अंधशाळेतून बारावी होऊन आली. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात नाव लागलं. साऱ्या गावात पेढे वाटले. अन् दुसऱ्या दिवशी बाबा म्हनला, रिंकू, एक वरीस थांब, बाईले वाचून द्याले कोनी पायजे. एक वरीस! शाळेचे नानाजी सर घरी आले होते. टुरी हुशार हाये, शाळेतून नाव काढू नका म्हनले. याच ओट्यावर बसले होते. आठवते का बाबा?

केवळराम : आठवते ना. मी दुसरं का करत होतो? एकीले डोरे नाई अन् एकीले हायेत. ज्याले हायेत त्यालेच मांगन ना बाप? दिवसभर तलावात राह्यतो मी, तुही माय बाजारात. आम्हाले तं सोताचं नाव वाचता येत नाई.

रीता : मी मागितलं होतं का रिंकू? तुझी शाळा बंद करा असं मी म्हटलं का कधी?

रिंकू : नाई. नाई म्हनलं तू. अन् ‘बंद नका करू’ असं बी नाई म्हनलं.

रीता : मला वाटलं...

रिंकू : सांग ना, का वाटलं?

रीता : बी.ए. झाली की अंधांच्या कोट्यातून टेलिफोन ऑपरेटरची जागा निघते कुठं ना कुठं. लागली असती तर तुलाच शिकवणार होती आधी. खरं सांगते. नागपूरला घेऊन गेली असती.

रिंकू : मले कधी सांगतलं?

रीता : मनात होतं.

रिंकू : मनातलं मले वाचता येत नाई बाई. पुस्तकातलं येते. तू हॉस्टेलवरून येते तं बोलते काय मले? ‘रिंकू, अन् नको म्हणू, आणि म्हण. लोकशाई नाही, लोकशाही. मागं कोंबड्या ओरडतात, दार लावून वाच.’ दार लावून वाचत बसतो मी. माह्यासोबतच्या पोरी धानाच्या रोवन्याले जातात, मंडईच्या जत्रेत नाटक पाहाले जातात. अन् मी कोंडून घेऊन संसदेची रचना वाचतो. कोनाले? टेपाले.

रीता : ते मी... मैत्रिणी हसल्या होत्या कॅसेट ऐकून. म्हणून म्हटलं.

रिंकू : मले हसल्या?

रीता : आपल्या बोलण्याला हसल्या.

रिंकू : हसू दे. पेपर तं त्याच बोलीवालीनं लिवले ना? दोन वर्सं युनिव्हर्सिटीत तुहे पेपर गेले, ते कोनाच्या अक्षरात गेले? हाताले घट्टे पडले माह्या. पेपरावर सुपरवायझर बाई म्हनली, अक्षर किती मस्त हाये, कोन्या वर्गात हायेस? मी खाली पाह्यलं. तू म्हनली, शिकते ती. कुठी शिकतो मी बाई? कोन्या शाळेत?

रीता : तुला लाज वाटू नये म्हणून म्हटलं ते.

रिंकू : मले नाई. तुले वाटली असती.

केवळराम : आता पुरं करा. माय येईन, रडत बसन.

रीता : नाही बाबा, हे लग्न बरोबर नाही. माझ्या पेपरसाठी नाही म्हणत आता. रागानं घर सोडून राह्यली ही. मी एसटीडीवरून फोन लावते चामोर्शीला. सांगते त्यांना, मुलगी अजून शिकणार आहे, आम्हाला थांबायचं आहे.

रिंकू : लाव. मोडू दे लगीन. मंग मी येतो ना तुह्यासंगं पेपराले. तू बोल, मी लिवतो. सारे पेपर लिवतो.

रीता : खरंच?

रिंकू : हो. पन तू बोलते ते अन् मी लिवतो ते एकच हाये का नाई, हे तुले कोन सांगन?

केवळराम : रिंके! थोबाड फोडीन तुहं!

रिंकू : फोडा.

केवळराम : रीता... रागात बोलली वो ते. ध्यान नको देऊ.

रीता : मागच्या साली इतिहासात मार्क कमी पडले होते मले.

रिंकू : बाई...

रीता : सगळं आलं होतं त्या पेपरात. सरांना बी नवल वाटलं. मी म्हटलं, मलेच वाटून राह्यलं असन चांगला गेला म्हणून.

रिंकू : तुह्या बोलन्याच्या बाहेर एक अक्षर लिवलं नाई मी. मायची शप्पथ.

रीता : असन.

रिंकू : असन नाई. खरंच नाई लिवलं. आताच सुचलं मले ते. तोंडातून निघून गेलं.

रीता : मले कसं कळन रिंकू?

रिंकू : शप्पथ घेतली ना मी.

रीता : नाही ना कळणार?

रिंकू : नाई.

केवळराम : पानी देऊ का रीता? पानी पे जरासं.

रीता : नको बाबा. मी फोन नाही लावत. होळीच्या आधीचीच तारीख धरा.

केवळराम : अन् तुहे पेपर?

रीता : हॉस्टेलच्या मॅडमची भाची आहे. करिष्मा नाव. अकरावीला आहे. मागं म्हणत होती, ताई, कधी लागलं तर सांगा. तिलाच विचारते. पुस्तकं बी तीच वाचून देईल जमलं तर.

रिंकू : राज्यशास्त्र मी वाचून देतो. लगनाले वेळ हाये अजून.

रीता : नको.

रिंकू : आजच बसतो. दार लावून वाचतो.

रीता : नको म्हटलं ना. तुला हळद लागायची आता. टेपसमोर कुठं बसते.

रिंकू : मंग त्या करिष्माले सांगजो, तू बोलता बोलता थांबते तं तिनं पुढचं सोताच्या मनानं लिवू नये. थांबून राहाले सांगजो. तू इचार करत राह्यते तेव्हा.

रीता : सांगीन.

रिंकू : अन् आकडे तू आंधी चुकीचे बोलते, मंग सुधारते. पेनानं लगेच नाई लिवाचे.

रीता : सांगीन म्हटलं ना. एवढं सगळं नको सांगू आता.

केवळराम : माय आली वाट्टे. टोपल्याचा आवाज आला. दोघी बी तोंड पुसा. रीता, तिच्यासमोर पेपराचं नको काढू. मी सांगीन बरोबर.

रीता : रिंकू.

रिंकू : का?

रीता : तो दिसते कसा?

रिंकू : मान वर करू नको म्हनलं होतं मायनं. नाई पाह्यलं मी.

रीता : काहीच नाही?

रिंकू : आवाज बरा हाये.