मालनबाई भांडेनाशी झाली तेव्हा

आजच्या गुणगौरव समारंभाचे अध्यक्ष आणि आपले मॅनेजर चांदवडकर साहेब, व्यासपीठावर माझ्या दोन्ही बाजूंना बसलेले मान्यवर, कामगार बंधूंनो, आणि तपासणी खात्यातल्या माझ्या बायांनो,

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तरी आठवणीनं बोलावलंत, खुर्ची पंख्याखाली मांडलीत, आभारी आहे. वर्षभरात एकही रजा न घेणाऱ्याला हजेरीची ढाल द्यायची, हे माझं आजचं काम. यंदा ती आमच्याच खात्यातल्या साळूबाईंना आहे. देण्याआधी दोन शब्द बोला, असं साहेब म्हणाले. दोनात आटोपायची माझी सवय नाही हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हा चूक त्यांची.

नव्या मंडळींसाठी सांगते. आमच्या खात्यात इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या तपासतात. दिव्यासमोर कुपी धरायची, उलटी करायची, आत कण दिसला तर बाजूला काढायची. दिवसभर हेच. बहात्तर साली मी तिथे सुपरवायझर झाले, तेव्हा खिडकीजवळच्या स्टुलावरून मालनबाई रोज माझ्याशी भांडायची. मी म्हणायचे, त्या स्टुलावर बसायला पाळी लावू. ती म्हणायची, “मॅडम, तुम्ही मडमांच्या शाळेत सावलीत वाढल्या. एक दिवस दिव्यापुढं बसून दाखवा, मग लावा पाळ्या!” सगळं खातं हसायचं. मी लालबुंद.

माझी आई आजारी होती तेव्हा मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मालनबाई चहाचा कप घेऊन टेबलापाशी आली. “मॅडम, दोन दिस झाले, तुम्ही वरडला नाय. काय झालं? घरी जा बरं. आमी काय कुप्या खाऊन टाकत नाय.” मी गेले. आईच्या शेवटच्या आठवड्यात तिच्याजवळ राहिले, ते त्या बाईमुळे.

तिला माझं कळलं. मला तिचं कळलं का?

एकोणऐंशी साली तिचं भांडण थांबलं. “कुठं बी बसते, मॅडम.” मी म्हटलं, चला, शहाणी झाली! रजा घेईना, जेवणाची सुट्टीही अर्धी टाकून ती कामाला बसायची. चांगल्या कुप्याही खराब म्हणून बाजूला काढायची. मी पुन्हा पाहायचे, आत काही नसायचं. मला वाटायचं, काय नजर आहे! कँटीनमध्ये पाण्याचा ग्लाससुद्धा ती उजेडाला धरून पाहायची. आम्ही हसायचो. कॉन्व्हेंटात गप्प बसणाऱ्या मुलीला चांगल्या वागणुकीची निळी फीत मिळायची. तीच अक्कल मी इथे वापरली. ढालीसाठी तिचं नाव मी सुचवलं. एकदा नाही, दोनदा.

एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये तिने ट्रे खाली ठेवला. “मॅडम, आज एक बी चांगली दिसत नाय.” एवढंच म्हणाली आणि पिशवी, डबा तिथेच टाकून गेटबाहेर गेली. ऑफिसनं काय केलं? नऊ वर्षं राबलेल्या बाईच्या नावापुढे ‘विनापरवाना गैरहजर’ लिहिलं. दोन वेळा तिला हार घालणाऱ्यांपैकी एकानेही घरी जाऊन विचारलं नाही. आज इथे बसलेल्यांपैकी काही जण तेव्हाही होते. खाली पाहू नका.

ती दिंडोरीला भावाकडे असते. द्राक्षाच्या बागेत जाते. मी दोनदा गेले. चहा दिला, गोड बोलली. गोड! मी मुद्दाम म्हटलं, “मालनबाई, खिडकीजवळचं स्टूल मी लताबाईला देऊन टाकलं बरं का.” वाटलं, आता तरी उसळेल. म्हणाली, “बरं केलं, मॅडम.” परतीच्या एस.टी.त मी तोंडावर पदर घेऊन बसले. ती गेटबाहेर गेली त्याला पाच वर्षं झाली. घरात सगळे माझ्याशी जपून, मानानं बोलतात. कुणीतरी मला एकदा मालनबाईसारखं झापावं, असं फार वाटतं हो.

आता आजचं. मघाशी चहाच्या वेळी साळूबाईंना सहज विचारलं, खिडकीचं स्टूल मिळतं का? म्हणाल्या, “कुठं बी बसते, मॅडम.” मी कप खाली ठेवला. त्यांच्या सुपरवायझरांनी मला अभिमानानं सांगितलं, साळूबाई सगळ्यांपेक्षा जास्त कुप्या बाजूला काढतात. अभिमानानं!

म्हणून ही ढाल मी देणार नाही.

काय म्हणता, साळूबाई? घरी सांगून आलाय? मालनबाईच्या दोन्ही ढाली माझ्या कपाटात आहेत. तिने घरी नेल्याच नाहीत. माझ्यावर चिडा, हवं तेवढं चिडा. मला बरंच वाटेल.

निमंत्रणपत्रिकेच्या मागे मी अर्ज लिहिलाय. साळूबाईंना उद्यापासून तीन आठवडे भरपगारी रजा, आणि खात्यातल्या प्रत्येकीला दर तासाला दहा मिनिटं दिव्यापासून सुटका. रजा त्यांचीच शिल्लक आहे, साहेब, वर्षभराची. मेहेरबानी कुणाचीच नाही.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभार. बोलताना कुणाचा मान राखायचा राहिला असेल तर वय पाहून पदरात घ्या. साळूबाई, पुढे या. साहेब, पेनचं टोपण मी काढलंय. सही इथे, खालच्या ओळीवर.