पावरची सुई

सुई टोचल्याबिगार आपल्या माणसाला बरं वाटत न्हाय, व्हय का न्हाय? ह्याच खोडीनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं बघा.

राज्याच्या पोहण्याच्या स्पर्धेला चार दिवस उरलेले आणि विद्याला खोकला झाला. खानापूरच्या डॉक्टरांकडं नेलं. ते म्हणाले, "गोळ्यांवर भागंल." मी हटूनच बसलो. "इतक्या लांबनं आलोय, सुई द्या की! आणि जरा पावरची द्या."

डॉक्टरांनी सुई भरली, तसं विद्यानं विचारलं, "सर, ह्यात काय हाय?"

मीच खेकसलो, "डॉक्टरास्नी असं विचारत्यात व्हय गं? गप बस."

खोकला गेला, पोरगी पहिली आली. लगेच तिला तपासणीला लघवी द्यायला बोलावलं. तिथनं फोन आला, "आप्पा, आठवड्यात काय औषध घेतलं ते फॉर्मवर लिवायचं हाय. त्या इंजेक्शनचं नाव काय?"

"काय बी लिवू नको. औषध घेतलंय म्हटलं तर पदक काढून घेतील."

तिनं ऐकलं माझं. सुईत स्टेरॉइड होतं, खेळाडूला बंदी असलेलं. पदक गेलं, दोन वर्सं बंदी आली, वर लपवलं म्हणून ठपका बसला तो वेगळाच.

परवा परत खोकायला लागली, म्हणून मी काढा करून दिला. पेला हातात धरून तिनं विचारलं, "आप्पा, ह्यात काय हाय?"

"आलं, मिरी, गूळ. दुसरं काय न्हाय गं, देवाशप्पथ."

तिनं पेला तसाच खाली ठेवला.