कट्ट्यावरची फुली

मी, कागदोपत्री नाव ठाणे अंमलदारांनी नोंदवहीत लिहून घेतले आहे, कामावर सगळे आप्पा म्हणतात, वय ६४ वर्षे, धंदा मालिकांसाठी उघड्यावरचे सेट बांधणे, राहणार पाण्याच्या टाकीमागील इमारत, दुसरा मजला, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मी अडतीस वर्षे हेच काम करतो. खोल्या दुसरे बांधतात, माझ्याकडे बाहेरचे : रस्ते, गल्ल्या, कुंपणे, झाडे. सध्याच्या मालिकेला एक जुनी गल्ली हवी होती. दिग्दर्शकांनी मला फोटो दाखवले. मी म्हटले, फोटो राहू द्या तुमच्याजवळ, गल्ली माझ्या डोक्यात आहे. ती आमचीच गल्ली. रस्ता रुंद करताना चौतीस वर्षांपूर्वी पाडली.

सतरा दिवसांत मी ती उभी केली. सायकलचे हॅण्डल घासून भिंतीचा रंग जिथे गेला होता, तिथे मी सायकल आणून शंभर वेळा घासली. नळाखालचा हिरवा डाग, शिंपीणबाईंच्या खिडकीचे एकच निळे तावदान, आमच्या पायरीचा झिजलेला डावा कोपरा, सगळे जिथल्या तिथे. दारापुढचा दगडी कट्टा मी स्वतःच्या हाताने केला, कोणाला हात लावू दिला नाही. हवालदारसाहेब म्हणाले, आप्पा, मुद्द्याचे बोला. साहेब, मुद्दा हाच आहे.

आमच्या कामात दोन प्रकारच्या वस्तू असतात, वजन घेणाऱ्या आणि नुसत्या दिसणाऱ्या. पायरी वजन घेणारी होती. कट्टा थर्माकोलचा, वर प्लास्टर आणि रंग. त्यावर मांजर बसले तर चालेल, माणूस नाही. नुसत्या दिसणाऱ्या वस्तूवर लाल खडूने फुली मारतात. चित्रीकरणाआधी पुसायची, संपले की पुन्हा मारायची. हे काम सुताराचे. आमचा सुतार बावीस वर्षे माझ्याबरोबर आहे. फुली विसरणारा माणूस नव्हे तो, एक वेळ जेवण विसरेल.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, वय ७१, माझ्या समोरच्या दारात राहतात. वडील लवकर गेले, तेव्हा दादांनी शाळा सोडली आणि छापखान्यात कामाला लागले. संध्याकाळी कामावरून आले की घरात न शिरता आधी कट्ट्यावर बसायचे, बूट काढायचे आणि माझे पाढे घ्यायचे. घर सोडण्याच्या कागदावर सही दादांनीच केली. करावीच लागली असती, सगळ्या गल्लीने केली. पण मी त्या दिवशी त्यांना नाही नाही ते बोललो. आईचे घर विकून खाल्लेत, असेही म्हणालो. त्यानंतर आमच्यात सगळे बोलणे झाले, जेवणीखाणी झाली, पण गल्लीचा विषय दोघांनीही कधी काढला नाही.

मंगळवारी चित्रीकरणाला सुटी होती. दादांना ती गल्ली दाखवावी आणि जमले तर माफी मागावी, असे माझ्या मनात होते. सकाळी अकराच्या सुमारास सुताराने माझ्यादेखत कट्ट्यावर फुली मारली. दुपारी पावणेचारला मी ओल्या फडक्याने ती पुसली. कोणी सांगितले नव्हते. आमच्या जुन्या कट्ट्यावर फुली नव्हती, म्हणून पुसली. दादा गेले की परत मारणार होतो.

चारला दादा आले. गल्लीच्या तोंडाशी थांबले. मग चालू लागले, रोज घरी येत तसे, भिंतीच्या कडेकडेने. शिंपीणबाईंच्या खिडकीपाशी सवयीने मान खाली घातली, कारण तिथे पूर्वी कपड्यांची दोरी असे. मी वीस पावले मागे होतो. कट्ट्याशी जाऊन ते वळले, गुडघ्यावर हात ठेवला आणि बसायला वाकले.

मला ओरडायला वेळ होता. हे मी मुद्दाम लिहून घ्यायला सांगत आहे. मी ओरडलो नाही. त्या घटकेला मलाही तो कट्टा दगडाचाच वाटला. मी स्वतः कापलेला, स्वतः रंगवलेला, तरी वाटला. दादा बसणार आणि मला हाक मारणार, म्हणून मी उभा राहून बघत होतो. कट्टा खाली बसला, दादा मागे फरशीवर पडले. उजव्या खुब्याचे हाड मोडले. मी आणि सेटच्या पहारेकऱ्याने त्यांना दवाखान्यात नेले.

प्रॉडक्शन मॅनेजरने तक्रारीत सुताराचा हलगर्जीपणा लिहिला आहे आणि त्याला कामावरून काढून घरी बसवले आहे. हे चोर सोडून संन्याशाला सुळी देणे झाले. सुतार आता बाहेरच्या बाकावर बसला आहे. मला म्हणाला, आप्पा, मी विसरलो म्हणून सांगतो, तुमचे वय झाले. त्याचे ऐकू नये. फुली मी पुसली. गुन्हा कोणावर लावायचा तर माझ्यावर लावावा.

दादांचा जबाब काल दवाखान्यात घेतला, तो मला दाखवण्यात आला. त्यात त्यांनी सेटचा उल्लेखच केलेला नाही. पडल्याचे ठिकाण म्हणून आमच्या जुन्या घराचा पत्ता दिला आहे, घर क्रमांकासकट. हवालदारांना वाटले, म्हाताऱ्याचा गोंधळ झाला. दादांचा गोंधळ होत नाही. आज सकाळी मी त्यांच्या खाटेशी गेलो, म्हटले, दादा, खोटे कशाला सांगितलेत? त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "मी आपल्या कट्ट्यावरून पडलो. आता पोलीस कोणाला धरणार, आईला?" मी माफी मागणार होतो. त्यांनी मला बोलूच दिले नाही. मी त्यांच्या उशाला डोके ठेवून रडलो. एवढेही लिहावे, खोडू नये.

तर पडण्याच्या ठिकाणाबाबत दादांचा जबाब चुकीचा धरावा, माझा खरा धरावा. मात्र दुरुस्तीसाठी त्यांना पुन्हा विचारायला जाऊ नये. त्यांना राहू द्यावे तिथेच, त्या जुन्या पत्त्यावर.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी तो दोनदा ऐकला. माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. सही केली.