टॉवरसमोरची खोली

हॅलो?… हॅलो, कोण… हां, ताई! बोल, बोल. थांब, शिलाई मशीन बंद करते, काही ऐकू येत नाहीये… हं. काय गं, एवढ्या सकाळी?

तिकीट?… शुक्रवारचं तिकीट रद्द करतेयस? का? बरं नाही का तुला?… मग?

मी? मी काय केलं?… फोटो? हो, मीच पाठवले ना काल. तुझ्या खोलीचे… अगं, तुझ्याच खोलीचे!… पलंग? आहे की पलंग. फोटोत… थांब, बघते. फोन ठेवू नकोस, चालू फोनवर बघता येतं मला.

हं. पहिल्यात टॉवर. दुसऱ्यात… टॉवरच. तिसऱ्यात खिडकीची कड आलीय बघ, खाली. आणि टॉवर. चौथ्यात… बरं बाई, नाहीये पलंग. एकातही नाहीये.

हसतेय कुठे? नाही हसत… अगं, ऐक ना. तुला काय वाटलं, खाली अंथरूण घालणार मी तुला? कंबर अशी झालेली असताना?… चिंध्यांच्या कोपऱ्यात? ताई! मशीन मी बाहेर हलवलं, तू इथे राहायला येणार म्हणून. खोली रिकामी केली, भिंती पुसल्या, नवी गादी आणली. हे म्हणत होते, बहिणीला मागची खोली दे, शांत आहे. मी म्हटलं, छे, ताईला टॉवरसमोरचीच द्यायची. घरातली सगळ्यात चांगली खोली आहे ती… मला वाटतं म्हणजे? आहेच.

हो, हो… टॉवर म्हणजे डब्यावर डबे, ऐकलंय मी. आमच्या यांचंही तेच. अगं, पण नीट बघितलास का तू तो? वर वर जाताना मुरडत गेलाय… वाकडा नाही गं, मुरडलेला. मुद्दाम! मधे एक जाड कणा आहे, तो सरळ वर गेलाय, तो हलत नाही की वळत नाही. आणि त्याच्याभोवती एकेक मजला खालच्यापेक्षा जरासा फिरवून बसवलाय. उरेब, म्हणजे तिरपा कापलेला झग्याचा घेर बघ, अंगाभोवती फिरत फिरत कसा उतरतो, तसा हा चढतो… नुसती हौस नाही काही. एवढ्या उंचीवर सरळसोट कड असली की वारा एका लयीत धक्के देतो, इमारत डुलायला लागते. इथे त्याला लयच सापडत नाही. प्रत्येक मजल्यावर नवीन वळण…

मला कोण शिकवणार? वाचलं, व्हिडिओ बघितले, आणि रोज खिडकीत बसून बांधताना बघितला. शेवटचा तुकडा क्रेनने चढवला ना, त्या दिवशी एका साहेबांच्या पॅन्टचा एक पाय चार बोटं आखूड शिवला मी… मग काय, दिलं नवं कापड. काय सांगणार त्यांना?

नाही गं, सरसकट सगळे नाही आवडत. शेजारची ती निळ्या काचेची इमारत, ती नुसतीच उंच आहे. तिला काही म्हणायचंच नाहीये.

हो… हो गं. तुझं घर, तुझं अंगण, मान्य. त्याच अंगणात पडलीस तेव्हा शेजारीण कपडे वाळत घालायला बाहेर आली म्हणून तरी… बरं, नाही बोलत. नाही बोलत म्हटलं ना!

अंधार? कोण म्हणालं? उलट, ती खोली उत्तरेची, इतकी वर्षं कवडसा म्हणून आला नव्हता तिथे. आता सकाळी आमच्या पाठीमागून ऊन त्याच्या काचांवर पडतं आणि तिथून खोलीत येतं. काचा सगळ्या वेगवेगळ्या तोंडाच्या, त्यामुळे एक पट्टा गेला की दुसरा. पलंग मी बरोबर त्या उन्हात लावलाय. आयता शेक मिळेल तुझ्या कमरेला… मग? आता तरी?

ताई?… आहेस ना?

काय म्हणालीस? परत सांग…

हं.

संध्याकाळी… हं. दिवे लागले की… ऐकतेय. बोल तू… भावोजी गेल्यापासून… तुझ्या तिथेही?… समोरच्या घरात दिवा लागला की तू खिडकी लावून घेतेस? हे तू कधी बोलली नाहीस मला… हो, इथे तर एवढी घरं एकदम उजळतात. जेवायला बसलेले दिसतात. दोघं, चौघं… हो. हो गं.

नाही, रागावले नाही. मला सुचलंच नाही, ताई. मी आपली इमारत बघत बसले. तिच्यात माणसं राहायला येतील, हे… खरंच नाही आलं डोक्यात.

नको, रडू नकोस. ऐक. पडदा लावूया… अगं, शिवते की! दिवसभर दुसरं काय करते मी?… जाड. अस्तर लावून… हो, वरच्या पट्टीपासून थेट फरशीपर्यंत… नाही, मधे फट नाही राहणार, मधे चांगला हातभर एकावर एक येऊ देते.

मला कशाला वाईट वाटेल?… बरं, वाटेल थोडं. मग मी गॅलरीत जाऊन बघेन. मान जरा तिरकी करावी लागते तिथून, एवढंच… नाही, खोलीत आले तरी हात नाही लावणार. पडदा तुझा. आठवडाभर नाही उघडलास, वर्षभर नाही उघडलास, तरी मी विचारणार नाही… विचारणार नाही म्हटलं ना… हसलीस? हसलीस ना आत्ता?

मग तिकीट?… राहू दे म्हणतेस?… नक्की?… बरं. रंग कुठला घेऊ?… मातकट. चालेल, मळखाऊ आहे.

चल, ठेवते आता. खिडकीचं माप घ्यायचंय.