रेघा नसलेलं कार्ड

बाबा : व्हेन-ट्राय-कल.

मुलगी : व्हेन-ट्रि-कल! हृदयाचा कप्पा. शब्द तोडायला कार्डावर पेन्सिलीच्या रेघा मारल्यात ना मी? रेघ आली की टेबलावर टिचकी. जोर पहिल्या तुकड्यावर.

बाबा : सुतार मी. रेघ दिसली की हात करवतीकडे जातो.

मुलगी : परवा नर्सिंगची तोंडी आहे माझी. तुम्हाला शिकवलं की माझे उच्चार पक्के होतात. नर्सच अडखळली तर पेशंट विश्वास कसा ठेवणार, असं मॅडम म्हणतात.

बाबा : बरं, ठमाबाई. एक तरी बरोबर म्हटल्याशिवाय उठत नाही आज. दे पुढचं.

मुलगी : हं.

बाबा : क्ला-व्हाय-कल.

मुलगी : अहो, क्लॅ-व्हि-कल! गळ्याजवळचं हाड. जाऊ दे. हे घ्या.

बाबा : पल्-म-न-री फाय-ब्रो-सिस.

मुलगी : (कार्ड ओढून घेऊन बघते.)

बाबा : काय गं? हेही चुकलं?

मुलगी : पुन्हा म्हणा.

बाबा : फाय-ब्रो-सिस.

मुलगी : जोर 'ब्रो'वर. टिचक्यासुद्धा जागच्या जागी.

बाबा : बघ! जमलं की म्हाताऱ्याला.

मुलगी : बाबा, या कार्डावर मी अजून रेघा मारलेल्याच नाहीत.

बाबा : अंदाजाने म्हटलं.

मुलगी : क्लॅव्हिकलचा अंदाज येत नाही आणि याचा येतो?

(बाबा खोकतात. बराच वेळ.)

मुलगी : भुशाचा खोकला म्हणाला होतात.

बाबा : भुशाचाच. त्यानेच फुप्फुसं निबर झाली म्हणे.

मुलगी : कधी कळलं?

बाबा : झाले सहा महिने. एक्स-रेची खिडकी, औषधांची खिडकी, सगळीकडे आजाराचं नाव सांगावं लागतं. पाठच झालं.

मुलगी : आईला माहितीये?

बाबा : हो.

मुलगी : दादाला?

बाबा : तोच नेतो ना दवाखान्यात.

मुलगी : म्हणजे आई, दादा, औषधवाला, खिडकीतला माणूस. सगळे. मी सोडून. आणि गेल्या रविवारी मी फुप्फुसांची आकृती काढली, तेव्हा शेजारी बसून रंग भरलात तुम्ही!

बाबा : परीक्षा सोडून बसली असतीस तू.

मुलगी : खरं सांगा.

बाबा : त्या दोघांनी नाव ऐकलं, मान डोलावली, म्हणाले, औषधाने वाटेल बरं. तुला सांगितलं असतं तर तुला कळलं असतं.

मुलगी : (कार्डं गोळा करायला लागते.)

बाबा : ठमे, पण म्हटलं बरोबर ना?

मुलगी : हो. बरोबर म्हटलंत. मी तुमच्याशी खोटं बोलत नाही.