बाबा, नंबर लावा

लॉटरीच्या खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या नर्सबाईंना पुढच्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकू येत होतं, आणि कान बंद करायची त्यांची इच्छाही नव्हती.

“एक कोटी लागले, तर निम्मे बँकेत.”

“आणि निम्म्यांचं सोनं.”

“सोनं कपाटात बसून काय करणार? लेकीच्या गॅरेजात घालू.”

“ती घेईल? मी बांगड्या देऊ केल्या, तर म्हणाली, लोक म्हणतील आईबापाच्या जिवावर उड्या मारते.”

“अगदी माझ्यावर गेलीय.”

“तुमच्यावर? तुमची स्कूटरसुद्धा माझ्या वडिलांनी दिलेली!”

“तीच नेली होती परवा तिच्याकडे. आधी चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांदेखत म्हणाली, बाबा, नंबर लावा.”

“आणि तुम्ही ते गल्लीभर सांगत सुटलात.”

“सांगणारच! बापालाही रांगेत उभं करणारी पोर आहे ती.”

“मग तिला आपल्या कोटीचं काय कौतुक?”

नवऱ्याने हातातली नोट परत खिशात घातली. मग तो मागे वळला.

“ताई, तुम्ही व्हा पुढे.”

“अहो, तुमचाच नंबर आलाय!”

“असू द्या. आमच्या स्कूटरचा ब्रेक करकरतोय.”

“इश्श, सकाळी तर ठीक होता!”

“आता करकरतोय. चल, तिथे गर्दी व्हायच्या आत नंबर लावू.”