इतिहासानंतर गणित

माझ्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. औषधाच्या दुकानाच्या रांगेत माझ्यापुढे मायलेकी उभ्या होत्या. लेक पंधराएक वर्षांची.

“अगं, परीक्षा तोंडावर आली. इतिहासाचा शेवटचा धडा अजून तसाच?”

“आजोबांना वाचून दाखवते ना! ते म्हणालेत, पुस्तक संपलं की मी निघालो.”

“आणि तू नापास झालीस की सगळे मलाच बोलणार, घरी शिकवायची हौस हिला!”

“मग तूच समजाव त्यांना.”

“समजावलं सकाळी. म्हणाले, सूनबाई, इतिहास उरकू दे तिला. पुढे गणित ऐकतो.”

“गणित? त्यांना तर त्याचा भयंकर राग!”

“तेच म्हटलं मी. तर म्हणतात, असू दे, पुस्तक जाडजूड आहे.”

त्या उन्हाळ्यात, मुलगी पास झाल्यावर, गणिताचं पुस्तक अर्ध्यावर असताना आजोबा वारले. दुकानदाराने सांगितलं.